शब्बाथसाठी मुंबई-ठाण्याला येताना: तारखेपासून मलिद्यापर्यंत

दर वर्षी दिवाळी उलटली की आमच्या ठाण्याच्या घरी फोन सुरू होतात. इस्राएलमधून: लोदहून, अश्दोदहून, दिमोनाहून. "विमानाची तिकिटं काढली, आता कुठे कुठे फिरायचं ते सांग." मी आधी एकच विचारते, "शुक्रवारी सूर्य मावळताना कुठे असणार आहेस?" कारण तेव्हा आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारी रात्र होईपर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. बहुतेकांनी तेवढंच ठरवलेलं नसतं, आणि मग सगळा बेत पुन्हा मांडावा लागतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्याकडे सामुदायिक प्रार्थनेला मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. एके काळी बेने इस्राएल समाज वीस हजारांच्या घरात होता. आता देशभरातले सगळे ज्यू धरले तरी पाचेक हजार. सणाला सिनेगॉग (आमचं प्रार्थनाघर) भरतं, पण एरवीच्या शनिवारी मी बायकांच्या बाजूला बसून कितीदा तरी दाराकडे बघत राहिले आहे. माणसं आकड्याने मोजू नयेत असा रिवाज आहे, तरी डोळे मोजतातच. सात, आठ, नऊ. मग दारात एखादा अनोळखी पाहुणा उभा राहतो, हजान (प्रार्थना चालवणारे) मान वर करून बघतात आणि प्रार्थना सुरू होते. इथे येणाऱ्याने स्वतःला असा दहावा माणूस समजून आखणी करावी. बाकीचं सगळं त्याभोवती बसवता येतं.

तारीख आधी, तिकीट नंतर

हिब्रू महिने चांद्र असतात आणि एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरला जातो. अधिक मास पाळणाऱ्या मराठी घराला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यामुळे आमचे सण इंग्रजी तारखेने दर वर्षी पुढेमागे होतात. दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणून दिनदर्शिकेत सण शनिवारी दिसला तर तुम्ही शुक्रवारी दुपारीच मुक्कामी पोहोचलेलं असायला हवं.

आमच्या आज्यांनी या सणांना घरगुती नावं दिली होती. रोश हशाना (आमचं नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) म्हणजे दरवाजाचा सण (त्या दिवशी घरं बंद करून सगळे प्रार्थनेला जात), आणि त्याचा दुसरा दिवस शिळा सण. तिशा बआवला (जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवशी) वालाचं बिरडं शिजायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. एखाद्या म्हाताऱ्या मामींना फोनवर "रोश हशाना कधी?" विचारण्यापेक्षा "नव्याच्या सणाला येऊ का?" म्हणून बघा, आवाजच बदलतो.

आता व्यवहाराचं. आमचे मोठे सण भाद्रपद-आश्विनाच्या आसपास पडतात, म्हणजे गणपती-नवरात्राच्या गर्दीत. २०२६ चंच बघा: रोश हशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन १३ ला संपतो, आणि १४ ला गणेश चतुर्थी. योम किप्पूर २० च्या संध्याकाळपासून २१ पर्यंत, म्हणजे ऐन गणपतीत. कोकणात जाणाऱ्या गाड्या भरलेल्या, मुंबईत विसर्जनासाठी रस्ते बंद. त्या दिवसांत येणार असाल तर खोली दोन-तीन महिने आधी घ्या आणि योम किप्पूरच्या आधी मुक्काम हलवू नका. पंचवीस तासांचा उपास करून वाहतुकीत अडकणं म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्याला माझा सल्ला जानेवारी-फेब्रुवारीचा. हवा बरी असते, मांडव्याच्या बोटी चालू असतात आणि तू बिश्वात (झाडांच्या नववर्षाचा सण) त्याच सुमारास येतो. आमच्यात त्याला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाहूचा, उरूस म्हणतात. २०२७ मध्ये तो २३ जानेवारीला, शनिवारीच आहे. शब्बाथला वाहन न वापरणाऱ्यांनी अलिबागजवळच्या सागावला, एलियाहूच्या खडकापाशी, मंडळी कुठल्या दिवशी निघणार हे ठाण्यात किंवा अलिबागेत विचारून मगच तारीख पक्की करावी. लागूनच २६ जानेवारी, त्यामुळे अलिबागच्या खोल्या लवकर भरतील.

कुठल्या सिनेगॉगला जायचं

इथे पाहुण्यांची गल्लत होते. जालावर सगळ्यात जास्त फोटो असतात ते काळा घोड्याच्या केनेसेत एलियाहूचे. वास्तू देखणीच आहे. १८८४ साली जेकब ससूनने बांधलेली, २०१९ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा गडद निळ्या-पांढऱ्या रंगात आली. भायखळ्याचं मागेन डेविड डेविड ससूनचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. दोन्ही बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंनी उभारलेली. ती जरूर बघा, पण मराठी बोलणारी आमची माणसं भेटायची असतील तर पुढच्या ठिकाणी या.

ठाण्याचं शाआर हशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ चं. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत जाण्याजोगं. समाजाची बरीच घरं आता ठाण्यात असल्यामुळे शब्बाथला माणसं असण्याची खात्री इथे जास्त. मुंबईत सात रस्त्याला, जेकब सर्कलजवळ तिफेरेत इस्राएल आहे. पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्टेशनवरून पायी जाता येतं, आणि आता मेट्रो ३ ने विमानतळाच्या टी२ वरून थेट महालक्ष्मीला उतरता येत असल्यामुळे सामान घेऊन येणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. आग्रीपाड्याचं मागेन हसिदीम १९३१ चं, मोठ्या मंडळीचं.

आणि एकदा तरी मशीद बंदरला जा. तिथलं शाआर हारहमीम मुंबईतलं सगळ्यात जुनं, १७९६ चं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्याने केला होता, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आजची इमारत १८६० ची. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणत, ही जुनी मशीद आणि डोंगरीतली १८४३ ची नवी मशीद. स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. रस्त्याला अजून सॅम्युएल स्ट्रीटच म्हणतात. हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीतून आत शिरलं की एकदम शांत वाटतं. मात्र इथे सकाळी जावं, दुपारनंतर त्या गल्लीतून वाट काढणं अवघड होतं.

आधी फोन, सोबत ओळखपत्र

२००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये जे घडलं, त्यानंतर प्रत्येक सिनेगॉगबाहेर पहारा असतो. त्याचा राग मानू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करा, नाव सांगा, किती जण येणार ते सांगा. परदेशातून येणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट, इथल्यांनी आधार किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र जवळ ठेवावं.

माझा आतेभाऊ एका शुक्रवारी संध्याकाळी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आला. पहाऱ्यावरच्या शिपायाने अडवलं, जे त्याचं कामच होतं. भावाला हिंदी येईना, मराठी मात्र अस्सल आजीच्या घरची. "दादा, माझ्या आज्याचं लगीन इथंच लागलं," म्हणाला. शिपाई हसला, तरी आतून कुणीतरी येऊन ओळख पटवीपर्यंत सोडलं नाही. तोवर अर्धी प्रार्थना झाली होती. शब्बाथला पिशवी न घेता येणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारीच एकदा येऊन तोंडओळख करून जावं, म्हणजे रात्री खोळंबा होत नाही.

केवळ वास्तू बघायला येणाऱ्या इतर मराठी मंडळींचंही स्वागत असतं. प्रार्थनेच्या वेळा आणि शनिवार सोडून या, ओळखपत्र आणा, फोटो विचारून काढा.

मुक्काम: नकाशावर अंतर आधी मोजा

शब्बाथ पाळणाऱ्याने सिनेगॉगपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर खोली घ्यावी, बाकी सोयी नंतर बघाव्यात. ठाण्याला जाणार असाल तर स्टेशन पश्चिमेच्या बाजूला, तिफेरेत इस्राएलसाठी महालक्ष्मी-सात रस्ता भागात, केनेसेत एलियाहूसाठी फोर्ट किंवा कुलाब्यात. नकाशावरचा आकडा खरा धरू नका. शुक्रवारी उजेडात एकदा ती वाट स्वतः चालून बघा. कुठे पदपथ खोदलेला असतो, कुठे रस्ता ओलांडायला जागा नसते, आणि रात्री आजीला हाताला धरून आणायचं असतं.

खोली ठरवताना विचारायच्या गोष्टी मी पाहुण्यांना फोनवर लिहूनच घ्यायला लावते. खोली पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर मिळेल का, कारण लिफ्ट वापरायची नाही. दाराला साधी किल्ली आहे की कार्ड? कार्ड असेल तर शुक्रवार रात्र आणि शनिवारी दार उघडून द्यायला माणूस मिळेल का? कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नसतील तर ते आत तसंच राहू देतील का? हे सगळं आल्यावर काउंटरवर सांगत बसलात तर मावळती निघून जाते. व्यवस्थापकाला दोन वाक्यांत सांगा, "आमचा धार्मिक दिवस आहे, मावळतीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत आम्ही विजेची बटणं दाबत नाही." उपास-तापास, सोवळं-ओवळं आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मला आजवर कुणी परत प्रश्न विचारलेला नाही.

आणखी एक चूक हमखास होते. लोक शुक्रवार-शनिवार अशी एकच रात्र घेतात. मग शनिवारी सकाळी खोली सोडायची वेळ येते, सामान उचलायचं, पैसे द्यायचे, आणि तेव्हाच सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचली जात असते. खोली रविवार सकाळपर्यंतच घ्या आणि पैसे शुक्रवारी देऊन टाका.

मेणबत्त्या सूर्यास्ताच्या साधारण अठरा मिनिटं आधी लावतात. मुंबईत जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या. शुक्रवारी पूर्व द्रुतगती मार्गावर चारनंतर गाडी टाकू नका. तीनपर्यंत खोलीत, अंघोळी आटपलेल्या, असा हिशेब ठेवा. ज्योत लावायची परवानगी हॉटेलात मागावी लागते. न मिळाल्यास मेणबत्त्या यजमानांच्या घरी लावता येतात का ते आधी ठरवा.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर उत्तम, पण पाहुणा परदेशी नागरिक असेल तर घरमालकानेही त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, हॉटेल कळवतं तशीच. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसतं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच पाठवून ठेवा.

जेवणाचं काय

कडक कोशर (आमचे खाण्याचे धर्मनियम) पाळणाऱ्यांनी कुलाब्याच्या छबाड हाऊसला (ज्यू धर्मकेंद्राला) आगाऊ विचारावं आणि सोबत कोरडा शिधा आणावा. शहरात कोशर हॉटेलांची रांग नाही. बाकीच्यांसाठी मुंबई फार सोपी आहे, कारण इथे शुद्ध शाकाहारी हॉटेल दर वळणावर सापडतं. थालीपीठ, पिठलं-भाकरी, इडली-डोसा, गुजराती थाळी. पाकिटबंद खाऊवरचा हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, कोशर सांगत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. आमच्या घरातली बरीच माणसं बाहेर शाकाहारी आणि घरी मटण अशीच वाढली. मटण-कोंबडी आपल्या पद्धतीने कापलेलीच चालते, त्यामुळे बाहेरच्या बिर्याणीचा विषय नाही.

मासळीचा नियम सोपा: खवले आणि पर दोन्ही हवेत. पापलेट, रावस, सुरमई, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं, मोरी नाही. अलिबागला थाळी मागवताना नुसतं "सुरमई द्या" म्हणून भागत नाही. ज्या तव्यावर, ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच सुरमई येते, आणि आमटी कोळंबीचीच असते. "वेगळ्या तव्यावर कराल का?" असं गर्दी व्हायच्या आधी, बाराच्या सुमारास विचारा, करून देतात. सोलकढी बिनधास्त प्या, ती नारळाच्या दुधाची.

हे नारळाचं दूध म्हणजेच आमच्या स्वयंपाकाची किल्ली. मांस आणि दूधदुभतं एकत्र खायचं नाही, म्हणून दही-साय-तूप जिथे पडलं असतं तिथे नारळाचा रस आला, आणि कोकणात तो दारातच होता. नव्याच्या सणाला येणाऱ्यांनी चिकाचा हलवा मागून खावा. गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर मंद आचेवर तास न्‌ तास घोटतात. हात भरून येतात, घरातली माणसं पाळीपाळीने उलथनं धरतात, मग ताटात थापून वड्या पाडतात. दुकानात तो मिळायचा नाही, कुणाच्या तरी घरीच मिळेल.

किद्दूशसाठी (शब्बाथला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी) वाइनच हवी असं नाही. आमच्याकडे काळ्या मनुकांचं सरबत करतात आणि हॉटेलच्या खोलीतही ते जमतं. शुक्रवारी सकाळी दोन मुठी मनुका धुऊन कोमट पाण्यात भिजत घाला. दुपारी हाताने चांगल्या कुस्करा, रंग गडद तांबडा होईपर्यंत. स्वच्छ फडक्यातून पिळून गाळा. बाजारातून आणताना तेल चोळलेल्या चकचकीत मनुका घेऊ नका, सरबतावर तवंग येतो.

आत गेल्यावर

पुरुषांनी डोकं झाकायचं, दाराशी टोप्या ठेवलेल्या असतात. बायका वेगळ्या बसतात, ओढणी किंवा पदर पुरतो. योम किप्पूरला पांढरे कपडे. शब्बाथला फोन खोलीवरच राहू द्या. प्रार्थना हिब्रूत चालते, पण प्रार्थना संपल्यावरच्या गप्पा मराठीतच.

प्रार्थना संपली की कुणीतरी म्हातारे गृहस्थ दोन्ही हात पुढे करतील. गोंधळून हस्तांदोलन करू नका. ही हातबोशी. त्यांचे हात तुमच्या हातांना स्पर्श करतात आणि मग प्रत्येक जण आपलीच बोटं ओठांना लावतो. एकाची झाली की दुसरे पुढे येतात, सगळ्यांशी करायची, लहान मुलांशीसुद्धा. त्यानंतर हमखास प्रश्न येतो, "आडनाव काय तुमचं?" पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर. त्या एका शब्दावरून ते तुमची आत्या कुणाच्या घरी दिली होती ते सांगतील. म्हणून घरातल्या जुन्या माणसांची नावं आणि गावं आधी विचारून, लिहून आणा. चिंचपोकळी किंवा वरळीच्या दफनभूमीत कुणाची कबर शोधायची असेल तर मृत्यूचं सालही हवं, नाहीतर दिवस वाया जातो. दफनभूमीत शनिवारी किंवा सणाला जायचं नसतं.

अलिबाग, नवगाव, सागाव

यासाठी दोन दिवस ठेवा, रविवारी निघालात तर बरं. रस्त्याने वडखळमार्गे जाता येतं, पण सुट्टीच्या सकाळी तिकडे गाड्या खोळंबतात. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोहोचता, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात.

अलिबागेत इस्राएल आळी विचारा, रिक्षावाला नेऊन सोडतो. तिथलं मागेन आबोथ १८४८ चं, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. शब्बाथ इथे करायचा असेल तर मिन्यान होणार आहे का हे आधी विचारूनच या, आणि तुमच्यात चार-पाच पुरुष असतील तर ते आवर्जून कळवा. अर्ध्या दिवसात रेवदंड्याचं १८४२ चं बेथ एलही होतं.

नवगावला आमचे पूर्वज किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरलं तिथे स्मारकाचा स्तंभ आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पायात बूट घाला, टोपी घ्या, पाणी न्या. सावली फारशी नाही.

सागावच्या खडकाला एलियाहू हन्नाबीचा टाप म्हणतात. संदेष्ट्याचा रथ इथून वर गेला, घोड्याच्या टापांची आणि चाकाची खूण दगडावर राहिली अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला, लग्न ठरलं म्हणून, दुखण्यातून माणूस उठला म्हणून लोक इथे मलिदा करतात. मलिद्याचं सामान अलिबागच्या बाजारातच घ्या: पोहे, दोन नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, बदाम-पिस्ते, खजूर आणि मोसमातली पाच फळं. खोवणी आणि मोठं ताट घरून आणा, ते तिथे मिळत नाही. पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे. लगदा झाला की मलिदा गेला. दाणा सुटा आणि मऊ राहिला की खोवलेला नारळ, गोड आणि वेलची हलक्या हाताने मिसळायची, ताटात शीग लावायची आणि भोवती फळं मांडायची. वर सब्जाची डहाळी, कारण वासाचाही आशीर्वाद म्हणायचा असतो. झाडाच्या फळाचा, जमिनीत उगवलेल्याचा, सुगंधाचा, असे आशीर्वाद म्हणून मग प्रत्येकाच्या हातावर मूठभर.

माझ्या आईने तिथे केलेल्या शेवटच्या मलिद्याच्या वेळी शेजारच्या वाडीतली दोन पोरं कडेला उभी होती. आईने पहिली मूठ त्यांना दिली, "घे रे बाळा, हात पूस आधी," म्हणाली. पाहुण्यांना वाटून झाल्यावर उरलंच तर आपण, अशी तिची रीत. तेव्हा पोहे हिशेबापेक्षा किलोभर जास्तच घ्या.

परतीची शेवटची बोट कधी आहे हे मांडव्याला उतरतानाच विचारून ठेवा. आणि ठाण्याला परतल्यावर आणखी चार दिवस मुक्काम असेल तर हजानना फोन करून तसं सांगा. सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही तोरा वाचतात, लोकांना कामावर जायचं असतं, आणि नऊ जण जमून दाराकडे बघत बसलेले असतात.